नष्ट झालं, पण मेलं नाही!

पत्त्यांच्या डावात सगळ्यात कडाक्याची भांडणं होतात ती ‘इथे लिहिलंय त्याचा अर्थ काय’ यावरून. उनोपासून मॅजिकपर्यंत, एका शब्दावर अख्खा डाव फिरवणाऱ्या कार्डांची ही गोष्ट. आणि त्यात थोडी माझ्या चुकीचीही.

हॉस्टेलमधली रात्र. बाहेर धो धो पाऊस, आत लाइट गेलेली. मोबाइलच्या टॉर्चवर पाण्याची बाटली ठेवून केलेला कंदील, भोवती आम्ही पाच जणी आणि मध्ये उनोचा कॅट. एकीने +४ टाकलं. दुसरीने चार पानं उचलायच्या ऐवजी त्यावर स्वतःचं +४ आपटलं. तिसरीनेही तेच केलं. चौथीच्या हातात फक्त दोन पानं उरली होती, तिच्यावर एकदम बारा पानं उचलायची वेळ आली.

‘असं चालतच नाही!’

‘आमच्याकडे चालतं.’

‘आमच्याकडे म्हणजे कुठे?’

‘साताऱ्याला.’

‘मग साताऱ्याला जाऊन खेळ!’

नियमांचा कागद पेटी उघडली त्याच दिवशी हरवला होता. त्या दोघी पुढचे चार दिवस एकमेकींशी तिसरीमार्फत बोलत होत्या. ‘तिला सांग, बाथरूम रिकामं झालंय.’

गंमत म्हणजे उनोचा जन्मच अशा भांडणातून झाला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात रीडिंग नावाच्या गावी मर्ल रॉबिन्स हा न्हावी राहायचा. ‘क्रेझी एट्स’ या पत्त्यांच्या खेळाच्या नियमांवरून त्याची मुलाशी वादावादी झाली, आणि त्यातून १९७१ मध्ये उनो तयार झाला. म्हणजे भांडण मिटवायला काढलेल्या खेळाने नंतर जगभर भांडणं लावली. २०१९ मध्ये उनोच्या अधिकृत ट्विटर खात्याने शेवटी सांगून टाकलं, की +४ पडलं की मुकाट चार पानं उचला आणि टर्न सोडा. त्यावर +२ चढवून पुढच्याला सहा उचलायला लावता येणार नाही. त्यावर लोकांचं उत्तर काय होतं? ‘तुम्ही तुमच्या घरी तसं खेळा, आम्ही आमच्या घरी असंच खेळणार.’

खरं तर +४ चा मूळ नियम त्याहून कडक आहे. टेबलावर जो रंग चालू आहे त्या रंगाचं एकही पान हातात नसेल, तरच +४ टाकता येतं. समोरच्याला संशय आला तर तो चॅलेंज करू शकतो. तुम्ही खोटे निघालात तर ती चार पानं तुम्हीच उचलायची. खरे निघालात तर त्याने सहा उचलायची. हे किती जणांना माहीत होतं? आम्हा पाच जणींपैकी एकीलाही नव्हतं.

आपल्याला याची सवय लहानपणापासून असते. बदाम सातमध्ये हातात पान असताना पास म्हणता येतं का? मेंढीकोटमध्ये हुकूम बंद ठेवायचा की कापून ठरवायचा? मामाकडे एक उत्तर, आत्याकडे दुसरं. तिथे शेवटचा शब्द आजीचा असतो, त्यामुळे प्रश्न मिटतो. पण पानावर फक्त बदाम आणि इस्पिक नसून पूर्ण वाक्य छापलेलं असेल, आणि खोलीत आजी नसेल, तर?

कार्डच जेव्हा नियम सांगतं

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा तसा खेळ. गणितात पीएचडी केलेल्या रिचर्ड गारफिल्डने तो बनवला आणि १९९३ मध्ये तो बाजारात आला. दोन जादूगारांची लढाई अशी कल्पना. प्रत्येकाकडे स्वतः निवडलेल्या कार्डांचा डेक असतो आणि जवळपास प्रत्येक कार्डावर त्याची स्वतःची ताकद एक-दोन वाक्यांत लिहिलेली असते. आजवर पंचवीस हजारांहून जास्त वेगवेगळी कार्डं निघाली. खेळाचं नियमपुस्तक अडीचशे पानांच्या वर जातं. त्यातला अगदी सुरुवातीचा नियम सांगतो की कार्ड आणि नियमपुस्तक यांच्यात विरोध आला तर कार्डाचं ऐकायचं. म्हणजे प्रत्येक कार्ड हा एक छोटासा कायदा. आता हे पंचवीस हजार छोटे कायदे एकमेकांना भेटणार म्हटल्यावर काय होत असेल!

याची झलक गारफिल्डला खेळ छापण्याआधीच मिळाली होती. मित्रांना घेऊन चाचण्या चालू असताना एक जण खुशीत येऊन म्हणाला, की माझ्याकडे एक असं कार्ड आहे की पुढच्या टर्नला मी जिंकलोच. गारफिल्ड बुचकळ्यात पडला. असं कार्ड त्याने बनवलंच नव्हतं. बघितलं तर त्यावर लिहिलं होतं, ‘अपोनंट लूझेस नेक्स्ट टर्न’. गारफिल्डच्या डोक्यात होतं ‘समोरच्याची पुढची टर्न जाते’. मित्राने वाचलं ‘पुढच्या टर्नला समोरचा हरतो’. दोघांचंही इंग्रजी चांगलं होतं आणि दोन्ही अर्थ बरोबर होते! छापताना ते कार्ड ‘टाइम वॉक’ झालं आणि वाक्य बदलून ‘या टर्ननंतर आणखी एक टर्न घ्या’ असं झालं. आता भांडायला जागाच नाही.

दुसरी गोष्ट ‘केऑस ऑर्ब’ या कार्डाची. हे कार्ड किमान एक फूट उंचीवरून टेबलावर उलटं-पालटं होईल असं टाकायचं आणि ते ज्या कार्डांना स्पर्श करेल ती नष्ट होणार, असा नियम. आख्यायिका अशी की एका पठ्ठ्याने ते कार्डच टराटरा फाडलं आणि त्याचे तुकडे समोरच्याच्या सगळ्या पानांवर उधळले. कार्ड फाडायचं नाही असं कुठे लिहिलं होतं? हे खरंच घडलं का यावर आजही वाद आहेत. पण १९९८ मध्ये ‘अनग्लूड’ या विनोदी संचात कंपनीनेच ‘केऑस कन्फेटी’ नावाचं कार्ड काढलं. त्यावर छापील सूचना आहे की कार्ड फाडा आणि पाच फुटांवरून तुकडे फेका.

माझा रोबो मेला की नाही?

आता माझी गोष्ट. आमच्या कॉलेजजवळच्या एका कॅफेत दर रविवारी गेम नाइट असते. मी तिथे मॅजिक शिकले आणि दोन-अडीच महिन्यांत स्वतःला बऱ्यापैकी एक्स्पर्ट समजायला लागले. एका रविवारी आठ जणांची छोटी स्पर्धा होती आणि मी चक्क फायनलला पोचले.

माझ्याकडे ‘सॉलेम सिम्युलाक्रम’ होतं. खेळाडू त्याला लाडाने ‘सॅड रोबो’ म्हणतात, कारण चित्रातला रोबो खरंच रडवेला दिसतो. त्याची एक ताकद अशी की तो मेला (कार्डावरचा शब्द ‘डाइज’) तर मालकाला एक पान ओढता येतं. समोरच्या मुलाने ‘रेस्ट इन पीस’ नावाचं कार्ड मांडून ठेवलं होतं. ते सांगतं की कुठलंही पान ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरून झालेल्या पानांच्या ढिगात, जाणार असेल तर त्याऐवजी ते एक्झाइल होतं. म्हणजे डावातूनच बाहेर.

त्याने माझा रोबो नष्ट केला. मी खुशाल डेककडे हात नेला.

‘थांब, तुला पान मिळत नाही.’

‘का? रोबो मेला ना?’

‘नाही मेला.’

‘अरे, तूच मारलास आत्ता!’

‘नष्ट केला. मेला नाही.’

आजूबाजूचे हसायला लागले. मला वाटलं, हा मला उल्लू बनवतोय. असल्या वेळी मॅजिकमध्ये हात वर करून जज बोलवायचा असतो. आमच्याकडे ते काम एक दादा करायचा. तो आला आणि त्याने दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. कोण जिंकतंय हे विचारलंही नाही. मग मला म्हणाला, ‘या खेळात डाइज म्हणजे काय, सांग.’

‘मरणे.’

‘मराठीत सांगू नकोस, खेळाच्या भाषेत सांग.’

मला सांगता येईना. त्याने फोनवर त्याच कार्डाची २००३ सालची, पहिली छपाई काढून दाखवली. त्यावर ‘डाइज’ शब्दच नव्हता. हे कार्ड खेळातून ग्रेव्हयार्डमध्ये गेलं की पान ओढता येईल, असं लांबलचक लिहिलेलं. २०११ मध्ये कंपनीने या सगळ्या शेपटीसाठी एकच छोटा शब्द ठरवला, डाइज. ‘आता सांग, तुझा रोबो ग्रेव्हयार्डमध्ये गेला?’

‘नाही. एक्झाइल झाला.’

‘मग?’

मग काय! नष्ट झाला, पण मेला नाही. मला पान मिळालं नाही आणि पुढच्या दोन टर्नमध्ये मी हरले. त्या रात्री खूप राग आला होता, पण दादाचा निर्णय चुकीचा नव्हता. घोळ माझा होता. ‘मरणे’ या शब्दाचा रोजचा अर्थ मी गृहीत धरला होता. खेळाने तो शब्द उचलून त्याला स्वतःचा, अगदी मोजूनमापून कापलेला अर्थ दिला होता. फिजिक्सच्या पहिल्या लेक्चरला ‘वर्क’ शब्दाचं जे होतं, तेच. पोतं डोक्यावर घेऊन उभा राहिलेला हमाल घामाघूम होतो, पण फिजिक्सच्या मते पोत्यावर तेव्हा काही कामच होत नसतं.

छोटे शब्द, मोठे घोळ

त्यानंतर मी कार्डं वाचायला शिकले. आणि लक्षात आलं की भांडणं लावणारे शब्द मोजकेच असतात.

‘मे’ असेल तर तुमची मर्जी, नसेल तर सक्ती. स्वतःचं नुकसान होत असलं तरी करावंच लागतं. लॉ करणाऱ्या मित्रांना याची गंमत वाटेल, कारण कायद्यातल्या ‘मे’चा अर्थ आपल्या कोर्टांनी प्रसंगी ‘शॅल’ असा लावलाय. मॅजिकमध्ये तसली सवलत नाही. ही सक्ती किती लांब जाते बघा. २०१९ मध्ये अ‍ॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक या तिघांनी दाखवून दिलं की मॅजिकचा असा डाव मांडता येतो, ज्यात कुणालाच काही निवडायचं उरत नाही आणि तो डाव स्वतःच एखाद्या कम्प्युटरसारखं गणित करत राहतो. त्यामुळे सगळ्या चाली सक्तीच्या असल्या तरी अशा डावात शेवटी कोण जिंकेल, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी रीत असूच शकत नाही!

‘कान्ट’ नेहमी ‘कॅन’ला हरवतो. एक कार्ड म्हणालं ‘या टर्नला जास्तीची एक जमीन मांडा’ आणि दुसरं म्हणालं ‘या टर्नला जमीन मांडता येणार नाही’, तर नकाराचं ऐकायचं. कुठलं कार्ड आधी आलं, कुठलं महाग, याने फरक पडत नाही.

‘इन्स्टेड’, म्हणजे ‘त्याऐवजी’. हा शब्द आला की मूळ घटना घडलीच नाही असं समजायचं. माझा रोबो इथेच अडकला.

‘यु-गि-ओ’ या जपानी खेळाने तर विरामचिन्हांनाच कामाला लावलंय. २०११ पासून त्याच्या इंग्रजी कार्डांवर अपूर्णविरामाच्या आधी ‘कधी वापरता येईल’ ते असतं. अपूर्णविराम आणि अर्धविराम यांच्यामध्ये ‘वापरताना काय मोजायचं, कोणावर नेम धरायचा’ ते असतं आणि अर्धविरामानंतर ‘मग काय होईल’ ते. समोरच्याने तुमची चाल रद्द केली तरी अर्धविरामाच्या आधी मोजलेली किंमत परत मिळत नाही. शाळेत विरामचिन्हांचे मार्क सोडून देणाऱ्यांनी हा खेळ जपून खेळावा.

त्याच खेळातला ‘व्हेन’ आणि ‘इफ’ यांचा फरक तर भल्याभल्यांना रडवतो. कार्डावर ‘व्हेन अमुक झालं, यू कॅन तमुक’ असं असेल, तर ते अमुक ही अगदी शेवटची घडलेली गोष्ट असावी लागते. ‘पेटेन द डार्क क्लाउन’ हा विदूषक ग्रेव्हयार्डमध्ये गेला की स्वतःच्या जागी दुसरा पेटेन बोलावू शकतो. पण मोठ्या राक्षसाला बोलावण्यासाठी त्याचा बळी दिला, तर शेवटची गोष्ट राक्षस येणं ही ठरते, विदूषक जाणं नाही. झालं, संधी गेली! खेळाडू याला ‘मिसिंग द टायमिंग’ म्हणतात. तिथे ‘व्हेन’च्या जागी ‘इफ’ असता तर संधी गेली नसती.

हे सगळं वाचून ‘काय हा किस पाडायचा’ असं वाटलं तर जरा थांबा. आपल्याकडे हे काम पाणिनीच्या काळापासून चालू आहे. संस्कृत व्याकरणात सामान्य नियमाला उत्सर्ग म्हणतात आणि विशेष नियमाला अपवाद. दोघांची टक्कर झाली की अपवाद जिंकतो, जसं मॅजिकमध्ये नियमपुस्तकासमोर कार्ड जिंकतं. दोन तुल्यबळ नियम भांडले तर काय, यासाठीही पाणिनीने एक सूत्र देऊन ठेवलंय. त्या सूत्रात जो ‘पर’ असेल तो नियम लावायला सांगितलंय. परंपरेने ‘पर’ म्हणजे ग्रंथात नंतर येणारा असा अर्थ लावला. २०२२ मध्ये ऋषी राजपोपट या संशोधकाने केंब्रिजमधल्या पीएचडीत मांडलं की ‘पर’ म्हणजे शब्दाच्या उजव्या बाजूच्या भागाला लागू होणारा. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. म्हणजे बघा, भांडण सोडवायच्या नियमावरचं भांडण अडीच हजार वर्षांच्या आसपास जुन्या ग्रंथावर आजही चालू आहे. आमचं +४ चं प्रकरण चार दिवसांत मिटलं, हे त्या मानाने बरंच.

आणि ती जुनी चूक

‘डाइज’चा अर्थ कळला त्या रात्री झोप लागत नव्हती. कार्डं नव्याने वाचत पडले होते. ‘हेक्सप्रूफ’ या शब्दाशी आले आणि पोटात गोळा आला.

तीन आठवड्यांपूर्वी फर्स्ट इयरचा एक ज्युनिअर पहिल्यांदाच गेम नाइटला आला होता. माझ्याशी खेळत होता. माझ्याकडे एक दांडगा हेक्सप्रूफ प्राणी होता. त्याने ‘डे ऑफ जजमेंट’ टाकलं. त्या कार्डावर एकच वाक्य आहे, सगळे प्राणी नष्ट करा. मी ताडकन म्हणाले, ‘माझा हेक्सप्रूफ आहे, त्याला काही होत नाही.’ त्याने कार्ड हातात घेतलं, दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, ‘ताई, तू म्हणतेस तर असेलच.’ त्याने पान खाली ठेवलं आणि तो हरला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

हेक्सप्रूफ म्हणजे फक्त एवढंच, की समोरच्याला त्या प्राण्यावर नेम धरता येत नाही. ‘डे ऑफ जजमेंट’ कोणावरच नेम धरत नाही, ते सगळ्यांना एकदम झोडपतं. ‘टार्गेट’ हा शब्द त्या वाक्यात नाहीच. माझा प्राणी मरायला हवा होता. अगदी खरा, ग्रेव्हयार्डमध्ये जाऊन.

मी मुद्दाम खोटं बोलले नव्हते. पण तेव्हा मी कार्ड वाचलं नाही, मला सोयीचा होता तो अर्थ मोठ्या आवाजात सांगितला. फायनलला मात्र माझं नुकसान होत होतं तेव्हा मला प्रत्येक शब्दाचा हिशेब हवा होता. जज हवा होता. त्या मुलाने जज का बोलावला नाही? कारण त्याच्यासाठी जज मीच होते. अर्थ शब्दांत शोधायच्या ऐवजी त्याने तो सीनियरच्या आवाजात शोधला. वाईट म्हणजे, मी त्याला तो शोधू दिला.

सकाळी त्याला मेसेज केला. दोन्ही कार्डांचे फोटो टाकले, ‘टार्गेट’ शब्द नाही हे दाखवलं आणि लिहिलं की तो डाव तू हरला नव्हतास, माझं चुकलं. बराच वेळ उत्तर नाही. मग दुपारी आलं, ‘ताई, मला तेव्हाच तसं वाटलं होतं. पण म्हटलं, आपण नवीन.’

हे वाक्य मला फायनल हरण्यापेक्षा जास्त लागलं. कॅफेतच नाही, क्लासमध्ये, लॅबमध्ये, कमिटीच्या मीटिंगमध्ये हे वाक्य किती जण मनात म्हणत असतील? नियम समोर लिहिलेला असतो, त्यांनी तो नीट वाचलेलाही असतो, आणि तरी ते पान खाली ठेवतात.

तो पुन्हा यायला लागलाय. आता आमच्या टेबलावर एक घरचा नियम आहे. कार्ड टाकलं की आधी ते मोठ्याने, पूर्ण वाचायचं. सगळ्यात नवीन खेळाडूने वाचायचं. गेल्या रविवारी त्याने माझं एक कार्ड वाचलं, मध्येच थांबला आणि म्हणाला, ‘ताई, इथे ‘मे’ नाहीये. तुला हे करावंच लागेल.’

करावं लागलं. हरले पुन्हा.

चौकट: हमरीतुमरीवर येण्याआधी

● कॅट पिसण्याआधीच घरचे नियम ठरवा. +४ वर +४ चालणार का, हे पहिलं +४ पडायच्या आधी बोला. कोणाचा फायदा होणार हे माहीत नसतं, तेव्हाच माणूस खरं बोलतो.

● कार्ड पूर्ण वाचा, मोठ्याने वाचा. आठवणीतून सांगू नका.

● रोजच्या वापरातला शब्द दिसला की सावध व्हा. खेळात त्याचा वेगळा अर्थ ठरलेला असू शकतो. जुनं कार्ड असेल तर त्याचं आजचं अधिकृत वाक्य कंपनीच्या साइटवर बघा. मॅजिकमध्ये छापलेल्यापेक्षा तेच ग्राह्य धरतात.

● नियम सापडतच नसेल तर दोन मिनिटांत नाणं उडवा, निकाल लिहून ठेवा आणि खेळ पुढे न्या. नंतर शोधा. तोवर तोच अर्थ दोघांनाही लागू.

● अर्थ लावताना स्वतःला एकच प्रश्न विचारा. हे कार्ड समोरच्याच्या हातात असतं, तर मी असंच वाचलं असतं का?